सातेरीच्या पोळ्यात अळ्या मरू लागल्या, तर औषधाआधी काय पाहावे

पाटण तालुक्यातील एका मधपाळाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सातेरी मधमाश्यांच्या बारा पेट्या आहेत. पावसाळा ओसरल्यावर पेट्या तपासल्या, तेव्हा तीन पेट्यांतील पोळ्यांत अळ्या मेलेल्या आढळल्या. त्यांपैकी एक वसाहत आठवडाभरातच पेटी सोडून निघून गेली, उरलेल्या दोन वसाहतींत माश्या कमी होत चालल्या आहेत आणि त्यांच्या पोळ्यांवर जाळ्याही दिसू लागल्या आहेत. साखरेच्या पाकातून टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यावे, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला आहे. या औषधाचे प्रमाण किती ठेवावे, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे आणि या पेट्यांतील मध खाण्यायोग्य आहे का, हेही त्यांनी विचारले आहे.

औषधाच्या प्रमाणाचे उत्तर मी आरंभीच देतो: सध्या कोणतेही औषध देऊ नये. आपल्यापुढील खरी अडचण औषधाची नसून दोन गोष्टींची आहे. अळ्या कशाने मेल्या हे अद्याप ठरलेले नाही, आणि ज्या नऊ पेट्या आज निरोगी दिसत आहेत त्यांना वाचवण्याचे दिवस हातातून जात आहेत. आजारी दोन वसाहती वाचतील की नाही हे बऱ्याच अंशी परिस्थितीवर अवलंबून आहे. नऊ पेट्यांचे भवितव्य मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे.

त्यातही एक काम आजच करण्यासारखे आहे. जी वसाहत निघून गेली, तिची पेटी अजून तशीच उघडी असेल, तर सायंकाळी तिचे दार बंद करावे आणि आतील पोळी काढून घ्यावीत. सोडून दिलेल्या पेटीत थोडाफार मध राहिलेला असतो, तो न्यायला शेजारच्या सशक्त वसाहतींच्या माश्या येतात आणि मधाबरोबर रोगही घरी नेतात. मधुशाळेत, म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेल्या जागेत, रोग पसरण्याचा हा सर्वांत जलद मार्ग आहे आणि तो बंद करण्यास कोणताही खर्च येत नाही.

आता निदानाविषयी. पेटीच्या दारात मेलेल्या माश्या पडल्या आहेत किंवा माश्या कमी झाल्या आहेत, एवढ्यावरून रोग ओळखता येत नाही, कारण उपासमार, कीटकनाशक, म्हातारी राणी आणि संसर्ग या सर्वांचा शेवट माश्या कमी होण्यातच होतो. निदान पिलाव्यात असते. पिलावा म्हणजे पोळ्यातील अंडी, अळ्या आणि कोष. सातेरीच्या कामकरी माशीचे अंडे तीन दिवसांनी फुटते, अळी सुमारे पाच दिवस उघड्या घरात वाढते, मग माश्या त्या घरावर मेणाचे झाकण घालतात आणि पुढे अकरा दिवसांच्या आसपास आत कोष तयार होऊन माशी बाहेर पडते. हे वेळापत्रक मनात पक्के असेल, तर ‘अळ्या मेल्या’ या विधानाऐवजी आपण अधिक उपयोगी प्रश्न विचारू लागतो: त्या कोणत्या वयात मेल्या, घरात कशा अवस्थेत पडल्या आहेत आणि चिमट्याने उचलल्यावर त्यांचे काय होते?

पाहणी उन्हे स्वच्छ असताना, सकाळी दहानंतर करावी. निरोगी पेट्या आधी आणि आजारी पेट्या शेवटी उघडाव्यात. पिलाव्याची चौकट हलक्या हाताने उचलावी, राणी तिच्यावर नाही याची खात्री करावी, माश्या पेटीतच झटकाव्यात आणि सूर्याकडे पाठ करून चौकट अशी धरावी की ऊन खांद्यावरून येऊन घरांच्या तळापर्यंत पोहोचेल. प्रथम पिलाव्याची एकूण ठेवण पाहावी. चांगल्या राणीचा पिलावा सलग असतो, रोगट पिलाव्यात झाकलेली, उघडी आणि रिकामी घरे एकमेकांत विखुरलेली दिसतात. नंतर एकेका संशयास्पद घरात डोकवावे. सोबत टोकदार चिमटा, काड्यापेटीतल्या काही काड्या आणि शक्य असल्यास साधे भिंग असावे.

आपण लिहिलेल्या खुणांवरून माझा पहिला संशय थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगावर आहे. या रोगात अळी लहान वयात मरत नाही. ती पूर्ण वाढते, घरात लांब पसरते आणि कोषावस्थेत जाण्याच्या उंबरठ्यावर मरते. त्यामुळे मेलेली अळी घरात पाठीवर ताठ पडलेली आणि तिचे डोके घराच्या तोंडाशी किंचित वर उचललेले दिसते. घर झाकलेले असेल तर झाकणाला अनियमित भोक पडलेले असते किंवा माश्यांनी ते झाकण काढून टाकलेले असते. अळीचा मोत्यासारखा पांढरा रंग प्रथम पिवळसर होतो आणि मग डोक्याच्या बाजूने तपकिरी, काळपट होत जातो. निर्णायक परीक्षा मात्र चिमट्याची आहे. अळीला डोक्याशी अलगद धरून वर ओढले, तर ती फाटत नाही. कातडी चिवट झालेली असल्याने अळी सबंध बाहेर येते आणि कातडीखाली साचलेले पाणी खालच्या टोकाला उतरून तेथे फुगीर थेंब लोंबू लागतो. शेवटची कात टाकणे अळीला जमलेले नसते, म्हणून हे पाणी जुनी कातडी आणि शरीर यांच्यामध्ये अडकून राहते. काही दिवसांनी अशी अळी सुकून तिचा दोन्ही टोके वर वळलेला, होडीच्या आकाराचा काळा खपला होतो, आणि तो पोळे उलटे करून ठोकले तरी सुटून पडतो. या रोगात दुर्गंधी जवळजवळ नसते.

याच्याशी गोंधळ होऊ शकेल असा दुसरा रोग म्हणजे युरोपियन फाउलब्रूड. तो मेलिसोकॉकस प्लुटोनियस या जिवाणूमुळे होतो आणि सातेरीत त्याची नोंद १९७१ च्या सुमारास महाराष्ट्रातच झालेली आहे, त्यामुळे तो आपल्याकडे नसतो असे धरून चालू नये. यात अळी झाकण पडण्यापूर्वीच, चार-पाच दिवसांची असताना मरते. ती घराच्या तळाशी वळलेली, पिळवटलेली किंवा कडेला सरकलेली दिसते, तिचा रंग निस्तेज पिवळा होतो, कातडीतून श्वासनलिकांच्या बारीक पांढऱ्या रेषा दिसतात आणि चिमट्याने धरताच ती फाटून लगदा होते. पोळ्याला आंबूस वास येतो. तेव्हा सबंध बाहेर येणारी ताठ अळी आणि हाताला न येणारी, वळलेली अळी हा फरक डोळ्यांनी आणि चिमट्याने पाच मिनिटांत करता येतो.

तिसरा, अमेरिकन फाउलब्रूड, आपल्याकडे विरळ आहे, पण तो चुकून नजरेतून सुटला तर त्याची किंमत मोठी असते. यात अळी झाकणाखाली मरते, झाकण खचलेले, तेलकट आणि भोके पडलेले दिसते. अशा घरात काडी घालून हलकेच ढवळावी आणि सावकाश बाहेर ओढावी. कॉफीच्या रंगाची तार दोन-अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक लांब निघाली, तर या रोगाचा दाट संशय घ्यावा. याचा सुकलेला खपला घराच्या खालच्या भिंतीला इतका घट्ट चिकटतो की घर मोडल्याशिवाय निघत नाही, आणि त्यातील जिवाणूंचे बीजाणू कित्येक दशके जिवंत राहतात. याची खात्री पटल्यास पोळी आणि चौकटी खड्ड्यात जाळून पुरणे हाच मार्ग उरतो.

सातेरी पाळणाऱ्यांनी रोग समजू नयेत अशाही दोन गोष्टी आहेत. सातेरीच्या नरांच्या झाकलेल्या घरांना मधोमध एक बारीक गोल छिद्र निसर्गतःच असते. मेलीफेरा या युरोपीय मधमाशीवरची पुस्तके वाचून सातेरी पाळायला घेतलेल्या व्यक्तीला ते छिद्र पाहून हमखास रोगाची शंका येते. तसेच सातेरी जुने, काळे पडलेले पोळे स्वतःच कुरतडून टाकते, त्यामुळे तळपाटावर पडलेला मेणाचा भुगा पाहून लगेच घाबरू नये. याउलट मूठमूठ प्रौढ माश्या अचानक दाराशी मरून पडल्या असतील, पुष्कळांच्या सोंडा बाहेर आलेल्या असतील आणि सर्वांत सशक्त वसाहतींचेच सर्वाधिक नुकसान झाले असेल, तर जवळपास फवारणी झाली होती का, याची चौकशी करावी. घरांत डोके खुपसून मेलेल्या माश्या आणि मधाचा थेंबही नसलेली पोळी दिसली, तर ती उपासमार समजावी. पावसाळ्याच्या अखेरीस घाटमाथ्यावर तिचे प्रमाण रोगाहून कमी नसते.

येथपर्यंतचे सार असे की अळी पूर्ण वाढून ताठ पडली असेल आणि पाणी भरलेल्या अवस्थेत सबंध बाहेर येत असेल तर सॅकब्रूड, झाकणाआधी वळून लगदा झाली असेल तर युरोपियन फाउलब्रूड, आणि झाकणाखाली तार सुटत असेल तर अमेरिकन फाउलब्रूड. तरीही शंका राहिल्यास मेलेल्या अळ्या असलेला, मध नसलेला पोळ्याचा तुकडा कापून घ्यावा, तो प्लॅस्टिकमध्ये न घालता कागदात गुंडाळावा आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी किंवा महाबळेश्वरच्या मध संचालनालयाशी आधी बोलून त्यांच्या सांगण्याप्रमाणे पाठवावा. प्लॅस्टिकमध्ये ओल साचून नमुन्यावर बुरशी येते आणि मग त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

आता टेट्रासायक्लिनला माझा विरोध का, ते सांगतो. हे प्रतिजैविक जिवाणूंवर काम करते, आणि सॅकब्रूड विषाणूमुळे होतो. पाकातून औषध दिल्यानंतर काही वसाहती सुधारल्या असे मधपाळ प्रामाणिकपणे सांगतात, परंतु त्या काळात त्यांना पाकही मिळालेला असतो आणि बहुधा फुलोराही सुरू झालेला असतो, आणि या दोहोंनी सौम्य लागण झालेली वसाहत औषधाशिवायही सावरते. श्रेय मात्र औषधाला मिळते. शिवाय अमेरिकन फाउलब्रूड असेल तर प्रतिजैविकाने त्याची लक्षणे दबतात, बीजाणू जिवंत राहतात आणि आपण ती पोळी निर्धास्तपणे दुसऱ्या पेट्यांना देत राहतो. तिसरे कारण बाजाराचे आहे. पाकाबरोबर गेलेले औषध मधात उतरते. २०१० मध्ये युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबवली, त्यामागे प्रतिजैविकांच्या अवशेषांचा प्रश्न होता, आणि आज आपल्याकडच्या अन्नसुरक्षा मानकांतही त्यांवर मर्यादा आहेत. रानातल्या जांभूळ-हिरड्याचा मध म्हणून आपण जे विकतो, त्याची सर्व पत एका तपासणीत जाऊ शकते.

या रोगाचा आपल्या देशातील इतिहास मी प्रत्येक नव्या मधपाळाला सांगतो, कारण उपाय त्यातूनच कळतो. थायलंडमध्ये १९७६ च्या सुमारास ओळखला गेलेला हा रोग १९७८ मध्ये मेघालयात आढळला आणि तेथून हिमालयाच्या कडेने पश्चिमेकडे सरकला. १९९१-९२ मध्ये तो दक्षिणेत पोहोचला, तेव्हा केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपल्या, हजारो कुटुंबांचे उत्पन्न बुडाले आणि मेलीफेरा माशीकडे तेथील मधपाळ वळले. त्या साथीतून सातेरी सावरली ती औषधाने नव्हे. शंभरातल्या ज्या मोजक्या वसाहती औषधाविना तगल्या, त्यांच्यापासूनच पुढची वीण वाढवली गेली. रोग गेला नाही, पण त्याच्याशी टक्कर देणाऱ्या माश्या उरल्या. म्हणून माझ्या दृष्टीने सॅकब्रूडचा बंदोबस्त म्हणजे आज संसर्गाची साखळी तोडणे आणि पुढच्या हंगामापासून वाण निवडणे. यांपैकी दुसरे काम केले नाही, तर पहिले दरवर्षी करावे लागते.

साखळी कशी तोडावी हे समजण्यासाठी ती कशी चालते ते पाहू. तरुण कामकरी माश्या मेलेल्या अळ्या उचलून घर साफ करतात. त्या वेळी अळीची कातडी फुटून विषाणूंनी भरलेले पाणी त्यांच्या तोंडात जाते, विषाणू त्यांच्या डोक्यातील अन्नग्रंथींत साठतो आणि याच माश्या पुढल्या अळ्यांना त्या ग्रंथींचा रस भरवतात. लागण झालेली माशी स्वतः आजारी दिसत नाही. म्हणजे भरवायला अळ्याच नसतील, तर विषाणूला पुढे जायला जागा नाही. सुकलेल्या अळीतील विषाणूचा जोर काही आठवड्यांत ओसरतो, हीदेखील येथे आपल्या बाजूची गोष्ट आहे. म्हणून पिलाव्यात काही दिवसांचा खंड पाडणे हा या रोगावरील सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

त्यासाठी राणीला छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून पिलाव्याच्या चौकटींमध्येच ठेवतात. चौदा दिवस ती कोंडली, तर शेवटी घातलेल्या अंड्यांतील अळ्यांवर सुमारे आठव्या दिवशी झाकण पडते, आणि राणी सोडल्यावर नव्या अंड्यांतून अळ्या सतराव्या दिवसाच्या सुमारास निघतात. मधल्या सुमारे नऊ दिवसांत भरवण्याजोगी एकही अळी पोळ्यात नसते. त्या अवधीत जुन्या दाया-माश्या वयाने मोठ्या होऊन फुलांवर जाऊ लागतात आणि निरोगी घरांतून निघालेल्या नव्या माश्या त्यांची जागा घेतात. राणी कोंडण्याआधी सर्वांत जास्त रोगट पोळी काढून टाकावीत आणि माश्या जेवढी पोळी दाट झाकू शकतात तेवढीच पेटीत ठेवावीत. उरलेल्या जागेपुढे विभाजक फळी लावावी.

येथे सातेरीच्या स्वभावाची अडचण येते आणि म्हणूनच हा उपाय मी सरसकट सांगत नाही. पिलावा नाही आणि अन्न नाही अशी सातेरी पेटीत थांबत नाही, ती निघून जाते. आपली एक वसाहत गेली त्यामागे हेच कारण असावे. तेव्हा बाहेरून पराग येत असतील, माश्या निदान तीन पोळी झाकत असतील आणि आपण नियमित पाक देणार असाल, तरच राणी कोंडावी. दाराला राणीजाळी लावावी, म्हणजे पिंजरा सैल होऊन राणी सुटली तरी तिला बाहेर पडता येणार नाही. पाक साखर आणि पाणी सम वजनात घेऊन करावा, थंड झाल्यावर, सूर्यास्तानंतर, पेटीच्या आत आणि रात्रीत संपेल इतकाच द्यावा. दिवसा दिलेला किंवा बाहेर सांडलेला पाक शेजारच्या पेट्यांना लुटीचे आमंत्रण देतो. मध तर कोणत्याही वसाहतीला भरवू नये, मग तो आपल्याच पेटीतला असो वा बाजारातला. पराग कमी असतील तर चरबी काढलेल्या सोयाबीनच्या पिठात पिठीसाखर आणि थोडा पाक कालवून त्याची पातळ वडी चौकटींवर ठेवता येते.

राणीच म्हातारी असेल, तर तिला कोंडून पुन्हा सोडण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. आजारी वसाहतीची राणी काढून निरोगी, तगड्या वसाहतीतील पक्व राणीघर तिला दिले, तर नवी राणी बाहेर येऊन, मीलन करून अंडी घालू लागेपर्यंत पिलाव्यात आपोआप खंड पडतो आणि वाणही बदलते. मात्र त्यासाठी हवेत पुरेसे नर उडत असले पाहिजेत आणि आकाश उघडे असले पाहिजे. पावसाळ्यानंतर लगेच ही स्थिती सर्व ठिकाणी नसते. निरोगी पेट्यांत नरांची झाकलेली घरे दिसत नसतील, तर राणी बदलण्याचा विचार पुढे ढकलावा आणि तूर्त कोंडण्यावर भागवावे.

आजारी पेट्या हलवाव्यात का, हा प्रश्न नेहमी येतो. शंभर-दोनशे पावलांवर हलवण्याने फायद्याऐवजी तोटा होतो, कारण फुलांवर गेलेल्या माश्या जुन्या जागेवरच परततात, तेथे पेटी सापडत नाही आणि त्या शेजारच्या निरोगी पेट्यांत शिरतात. हलवायचेच असेल तर रात्री दार बंद करून तीन किलोमीटरपलीकडे, जेथे दुसऱ्या कोणाच्या पेट्या नाहीत अशा ठिकाणी न्यावे. ते शक्य नसेल तर पेटी जागीच ठेवून दार एक-दोन माश्यांपुरते अरुंद करावे. आजारी पेटीला वापरलेली पटाशी आणि चिमटा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घासून धुतल्याशिवाय निरोगी पेटीत नेऊ नयेत, हातही साबणाने धुवावेत. तिच्यातील चौकट, मधकोठी (पेटीचा मध साठवण्याचा वरचा कप्पा) किंवा पिलावा दुसऱ्या पेटीला देऊ नये. आणि कमकुवत झालेली आजारी वसाहत सशक्त वसाहतीत मिसळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. एरवी हंगामात ही मिसळण उपयोगी असते, पण येथे तिच्यामुळे आणखी एका निरोगी पेटीला आपण स्वतः लागण करू.

काढलेली पोळी त्याच दिवशी उकळत्या पाण्यात वितळवून मेण वेगळे करावे, ती अंगणात ठेवू नयेत. रिकामी पेटी पटाशीने खरवडून, आतून ज्योतीने लाकूड किंचित तपकिरी होईपर्यंत शेकावी आणि काही दिवस उन्हात उघडी ठेवावी.

जाळ्यांबद्दल आपण विचारले नाही, पण लिहिले आहे. त्या मेणपतंगाच्या अळ्यांच्या आहेत. मेणपतंग हे येथे रोगाचे कारण नाही. माश्या कमी झाल्याने राखण करायला कोणी उरले नाही म्हणून तो शिरला आहे. जाळ्या असलेले पोळे काढावे, तळपाटावरचा कचरा दर आठवड्याला साफ करावा, पेटीच्या फटी बुजवाव्यात. माश्यांनी झाकलेल्या पोळ्यांवर मेणपतंग सहसा टिकत नाही.

चिमट्याच्या परीक्षेत युरोपियन फाउलब्रूड निघाला, तरी क्रम फारसा बदलत नाही. रोगट पोळी काढणे, भरपूर खाद्य, नवी राणी आणि मकरंदाचा चांगला ओघ यांनी सातेरीच्या बहुतेक वसाहती त्यातून सावरतात. मेलीफेरा पाळणाऱ्यांची स्थिती मात्र वेगळी असते. त्यांच्याकडे पिलावा विस्कळीत दिसला की प्रथम व्हॅरोआ आणि ट्रोपिलेलॅप्स या कोळी-किडी शोधाव्यात. सातेरी ही व्हॅरोआची मूळ यजमान असल्याने तिच्यात ही कीड प्रामुख्याने नरांच्या घरांतच वाढते आणि वसाहत सहसा खचत नाही, मेलीफेरात मात्र ती कामकऱ्यांच्या पिलाव्यात शिरते. आपल्या मधुशाळेत दोन्ही जातींच्या पेट्या असतील, तर अवजारे स्वतंत्र ठेवावीत.

नऊ निरोगी पेट्या दर सात-आठ दिवसांनी पाहाव्यात, पण प्रत्येक वेळी पिलाव्याचे एकच मधले पोळे उचलावे. सातेरीला वारंवार उलथापालथ मानवत नाही. रानातल्या ढोलीतून किंवा दुसऱ्या मधपाळाकडून नवी वसाहत आणणार असाल, तर ती एक-दोन पिढ्या पिलावा निघेपर्यंत, म्हणजे साधारण दीड महिना, दूर ठेवावी. आणि एक छोटी वही करावी. कोणत्या पेटीत मेलेली अळी कधी दिसली, किती दिसल्या, कोणत्या पेटीने शेजारी रोग असूनही एकही अळी मरू दिली नाही, हे लिहून ठेवावे. पुढच्या हंगामात एका वसाहतीच्या दोन करण्यासाठी विभाजन करताना राणीघरे त्या शेवटच्या प्रकारच्या पेट्यांतूनच घ्यावीत, मग त्यांचा मध दोन किलो कमी का असेना. मधाच्या वजनावरून राणी निवडण्याची आपल्याकडची सवय मला या बाबतीत घातक वाटते. तसेच यंदा जी वसाहत उपचाराने कशीबशी वाचेल, तिच्यापासून विभाजन करू नये.

राणी सोडल्यानंतर तीन आठवड्यांनी पिलावा पुन्हा पाहावा. झाकलेल्या घरांचा पट्टा सलग असेल आणि मेलेल्या अळ्या एखाद-दुसऱ्याच असतील, तर वसाहत सावरली असे मानावे. पूर्वीइतक्याच अळ्या मेलेल्या दिसल्या आणि माश्या एका पोळ्यापुरत्या उरल्या असतील, तर ती वसाहत संपवणे हेच उरलेल्या पेट्यांच्या हिताचे आहे. हा निर्णय जड जातो हे मला माहीत आहे. तरीही तो लांबवल्यास तीच पेटी पुढे लुटली जाते आणि मधुशाळाभर रोग जातो.

राहिला मधाचा प्रश्न. मधमाश्यांचे हे पिलाव्याचे रोग माणसाला होत नाहीत, तेव्हा मधकोठीतला पक्व, झाकलेला मध घरी खाण्यास हरकत नाही. पिलाव्याची पोळी पिळून मध काढू नये, त्यात मेलेल्या अळ्यांचे पाणी मिसळते. पाकातून टेट्रासायक्लिन यापूर्वीच एकदा जरी दिले असेल, तर त्या पेटीतील मध या हंगामात विकू नये आणि वहीत तिच्या नावापुढे तशी नोंद करून ठेवावी.